बँकेने कागद तपासले, मग आपण कशाला?

प्रश्न : आम्ही सावेडी उपनगरात एक जुना बैठा बंगला घेत आहोत. तो विक्रेत्याच्या वडिलांच्या नावावर होता, आता वारस विकत आहेत. बँक म्हणते, सर्च रिपोर्ट आमच्या पॅनेलवरच्या वकिलाचाच चालेल. फी मात्र आम्ही भरायची. आमच्या ओळखीच्या वकिलांचा रिपोर्ट बँक का घेत नाही? आणि मेव्हणे म्हणतात, बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद चोखच, वेगळा वकील करू नका. त्यांचे ऐकावे का?
— एक वाचक, केडगाव, अहिल्यानगर

उत्तर : मेव्हण्यांचे ऐकू नका. त्यांचा समज आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बँकेच्या बाजूने पाहिले तर तिचा आग्रह रास्त आहे. घर हेच तिचे तारण. ते तपासणारा माणूस तिने स्वतः निवडलेला हवा, ठरलेल्या नमुन्यात लिहून देणारा हवा आणि चुकला तर यादीतून काढता येईल असा हवा. तुमचे ओळखीचे वकील कितीही निष्णात असोत, बँकेच्या दृष्टीने ते कर्ज मागणाऱ्याचे वकील. फी तुमच्या खिशातून जाते, पण पॅनेलवरच्या वकिलाचा पक्षकार बँकच राहते. इंग्लंडमध्ये कर्ज देणाऱ्या संस्थेच्या यादीतला सॉलिसिटर बहुतेक वेळा खरेदीदाराचेही काम पाहतो आणि दोघांनाही उत्तरदायी असतो. आपल्याकडे तशी रीत नाही. तुमच्या बाजूने पाहणारा वकील तुम्हीच नेमायचा असतो, आणि नेमला नाही तर ती जागा रिकामी राहते.

बँकेचा प्रश्न आणि तुमचा प्रश्नही वेगळे आहेत. बँक पाहते ते इतकेच : हप्ते थकले तर ही मिळकत विकून आपली रक्कम वसूल होईल का? समजा बंगला ४० लाखांचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला मिळकतीच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे कर्ज फार तर ३२ लाखांचे. वरचे ८ लाख, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी तुमची. उद्या मिळकत वादात सापडून किंमत घसरली तर आधी बुडतात ते हे पैसे. शिवाय कर्ज तुमच्या नावावर आहे. घर हातचे गेले तरी हप्ता थांबत नाही.

आणि रिपोर्टच चुकीचा निघाला तर? हैदराबादच्या एका बँक फसवणुकीत पॅनेलवरच्या वकिलालाही आरोपी केले होते. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा खटला रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. मत चुकले एवढ्यावरून वकील गुन्हेगार ठरत नाही, कटात त्याचा सहभाग दिसला पाहिजे. निष्काळजीपणा असेल तर व्यावसायिक गैरवर्तनाची कारवाई होऊ शकते, असे त्या निकालाचे सार. मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, असेही स्पष्ट केले. म्हणजे ग्राहक आयोगाचा सोपा रस्ता बंद, आणि पॅनेलच्या वकिलाचे तर तुम्ही पक्षकारही नव्हता. जी काळजी घ्यायची ती आधीच घ्या.

आधी म्हणजे विसार देण्याआधी. मला सगळ्यात जास्त खटकते ती ही गोष्ट. आपल्याकडे व्यवहार ठरला की चार माणसांत पेढे वाटून लाख-दोन लाखांची विसार पावती होते, मग साठेखत, मग बँकेत अर्ज. पॅनेलच्या वकिलाकडे फाईल जाईपर्यंत तुमचे पैसे अडकलेले असतात. त्याने प्रतिकूल मत दिले तर बँक फक्त कर्ज नाकारते. विसार परत मिळवायला विक्रेत्याच्या दारात तुम्ही उभे राहता. म्हणून तुमचा वकील विसाराच्या आधी हवा, आणि तरीही विसार द्यावाच लागला तर ‘कर्ज मंजूर न झाल्यास अथवा मालकी निर्वेध न निघाल्यास संपूर्ण रक्कम परत’ ही अट पावतीत लिहून घ्या.

आता सर्च म्हणजे काय ते समजून घ्या. १९०८ च्या नोंदणी कायद्याने दुय्यम निबंधक कार्यालयातली स्थावर मिळकतीची सूची फी भरून कोणालाही पाहता येते. बँका साधारण ३० वर्षांचा शोध मागतात. गहाण सोडवण्याच्या दाव्याला मुदतीच्या कायद्याने ३० वर्षे दिली आहेत, हे त्यामागचे एक कारण. अलीकडची नोंदणी संगणकावर आहे, जुनी हस्तलिखित. रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरांत ‘काही वर्षांच्या सूचीची पाने फाटलेली, उपलब्ध नाहीत’ असे वाक्य पुष्कळदा असते. ते जरूर वाचा. त्या वर्षांपुरता शोध झालेलाच नाही, असा त्याचा अर्थ.

सूचीत फक्त नोंदवलेले दस्त दिसतात. तोंडी वाटप, न नोंदवलेले मृत्युपत्र, कोर्टातला दावा, भाडेकरू, शेजाऱ्याने आत घेतलेली भिंत यांतले काही तिथे सापडेलच असे नाही. तुमच्या बाबतीत खरी मेख वारसांची आहे. वडील हिंदू होते आणि मृत्युपत्र न करता गेले असतील, तर १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने पत्नी, मुलगे, मुली हे सारखेच पहिल्या वर्गाचे वारस. मृताची आई हयात असेल तर तीही. आजीचा हिस्सा लोक हमखास विसरतात. बहिणींनी ‘आम्हाला काही नको’ असे तोंडी सांगितलेले चालत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे, नाहीतर खरेदीखतावर त्यांचीही सही हवी. एखादा वारस अज्ञान असेल तर त्याचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते. ती नसेल तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहाराला आव्हान देऊ शकतो. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव लागले आहे, एवढ्यावर विसंबू नका. महसुली नोंदीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे.

आपल्या जिल्ह्यापुरते आणखी थोडे. उपनगरातल्या अनेक वसाहती शेतात प्लॉट पाडून उभ्या राहिल्या. म्हणून मूळ सर्व्हे नंबरचा बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि त्यात तुमचा प्लॉट नंबर हे तिन्ही एकमेकांशी जुळतात का, ते पाहा. जुन्या उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २, वतन, इनाम किंवा पुनर्वसनाचा शेरा कधी होता का आणि तो कोणत्या आदेशाने उठला, हेही विचारा. श्रीरामपूर, कोपरगावकडे घेणाऱ्यांनी जमीन शेती महामंडळाची किंवा खंडकऱ्यांना परत मिळालेली आहे का, हे पाहावे. भिंगारमध्ये छावणीच्या हद्दीत तर जमीन संरक्षण खात्याची आणि घर तेवढे खाजगी, असेही असू शकते.

तुमच्या ओळखीच्या वकिलांना हेच काम द्या. स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यायला सांगा. हरकत यायची तर खरेदीआधी आलेली बरी. हीच मिळकत दुसऱ्या बँकेकडे तारण आहे का, हे सरसाईच्या केंद्रीय नोंदवहीत किरकोळ शुल्क भरून कोणालाही पाहता येते. प्लॉटची हद्द मोजणी आणल्याशिवाय मानू नका. आणि पॅनेलच्या वकिलाच्या रिपोर्टची प्रत शाखेकडे लेखी मागा. फी तुम्ही दिली आहे, मागायला संकोच नको. तुमच्या वकिलाला तो दाखवा; दोघांची मते जिथे जुळत नाहीत, तिथेच तुम्हाला विचारायचे प्रश्न सापडतील.

एक शेवटचे. खरेदीनंतर मूळ दस्त बँकेत जमा होतील तेव्हा एकेका कागदाचा उल्लेख असलेली यादी करून त्यावर शाखेचा शिक्का आणि सही घ्या, आणि सगळ्याच्या झेरॉक्स घरी ठेवा. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाई. ही यादी हातात असली तर ती भरपाई मागणे सोपे जाईल.