जंपर काढला, रिसेट मात्र तिथेच

एसटीएम३२ च्या न्यूक्लिओ-६४ बोर्डावर प्रोग्रॅमर-डीबगर आयता मिळतो, आणि तो बाहेरच्या चिपसाठीही चालतो. सीएन२ वरचे दोन्ही जंपर काढायचे, सीएन४ च्या सहा पिनांवरून तारा न्यायच्या, झालं. सोय खरी आहे. पण जंपर काढले की बोर्डावरची मूळ चिप वाटेतून बाजूला होते, हा समज खोटा आहे, आणि त्याच्यापायीच माणसं भलत्या ठिकाणी चूक शोधत बसतात, असं माझं मत झालं आहे. ते दोन जंपर फक्त क्लॉक आणि डेटा तोडतात. रिसेटची तार एसबी१२ नावाच्या सोल्डर ब्रिजमधून मूळ चिपला जोडलेलीच राहते. सीएन४ ची पाचवी पिन बाहेर वापरायची असेल तर तो ब्रिज काढा, असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. पण तिळाएवढी ती वस्तू बोर्डाच्या मागच्या बाजूला असते, मग कोण बघतो? या चिपची रिसेट पिन दुतर्फा असते: आतून रिसेट झाला तर चिप स्वतःच ती तार खाली खेचते. न्यूक्लिओत वॉचडॉगवाला एखादा जुना कोड पडून असेल, तर तो स्वतःबरोबर तुमच्या सर्किटलाही रिसेट करतो, आणि तुम्ही आपल्या कोडमधला दोष हुडकत राहता.

यावर म्हणतील, रिसेट जोडायचाच कशाला? क्लॉक, डेटा आणि ग्राउंड एवढ्यावर भागतं. भागतं, पहिल्या वेळी. तुमच्याच कोडने पीए१३, पीए१४ या पिना दुसऱ्या कामाला लावल्या, किंवा सुरू होताच चिपला झोपवलं, की पुढच्या वेळी डीबगरला ती सापडत नाही. चिप जळालेली नसते. तिला रिसेटमध्ये धरून जोडणी करावी लागते, आणि त्यासाठी तीच टाळलेली तार लागते.

विजेचंही तसंच. सीएन४ ची पहिली पिन व्होल्टेज देण्यासाठी नाही, समोरच्या सर्किटचा व्होल्टेज कळावा म्हणून आहे. त्या सर्किटला स्वतःचा पुरवठा हवा आणि ग्राउंड दोघांचा एक हवा. ‘मग वेगळा डीबगरच घ्यावा’ हे म्हणणं १.८ व्होल्टच्या सर्किटसाठी मला पटतं, कारण इथल्या पिना ३.३ व्होल्टवर चालतात. ३.३ च्याच सर्किटसाठी मी तो खर्च करणार नाही; तारा आखूड ठेवीन, जोडणी अडखळली तर क्लॉकचा वेग उतरवीन.

ब्रिज काढलाच, तर बोर्डावर मार्करने ‘एसबी१२ काढला’ असं लिहून ठेवा. उद्या तोच बोर्ड त्याच्या स्वतःच्या चिपसाठी वापरायला घ्याल, तेव्हा डीबगरचा रिसेट तिच्यापर्यंत पोचणार नाही.