पांढरा बॉल कुठे थांबणार?

अगं, परवा तू विचारलंस, "ताई, पूलमध्ये सेफ खेळले की क्लबमधली ती मुलं हसतात, रिस्क घेतली की हरते. मग करू तरी काय?" फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळं व्हावं असा हा प्रश्न नाही. म्हणून आज जरा निवांत बोलते.

तुझा हात चांगला आहे. तुझी अडचण वेगळीच आहे, आणि ती आपल्या घरातल्या कॅरममधून आली आहे असं मला वाटतं. कॅरममध्ये प्रत्येक जण स्ट्रायकर आपापल्या पट्टीवर ठेवून मारतो. तुझी पाळी संपली की तो कुठे जाऊन थांबला, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. पूलमध्ये तसं नाही. पांढरा बॉल जिथे थांबला, तिथूनच समोरचा खेळतो. म्हणजे चुकलीस की नुसती पाळी जात नाही, पांढरा बॉल ज्या जागी ठेवलास ती जागाही तू त्याला देऊन उठतेस. तू मात्र अजून कॅरमवाल्या नजरेनेच टेबलाकडे बघतेस. "हा जाईल का?" एवढंच विचारतेस आणि वाकतेस. पुढचा प्रश्न राहूनच जातो: नाही गेला, तर दोन्ही बॉल कुठे असतील?

थोडा हिशोब कर. एखादा बॉल तू दहापैकी आठ वेळा घालतेस म्हणजे उत्तमच. पण तसेच पाच बॉल सलग घालायचे असले, तर ते तीनातून एकदाच जमेल. दहापैकी नऊ वेळा जाणारे पाच बॉल घेतलेस, तरी दहापैकी सहाच्या आसपास. यात पांढरा बॉल नको तिथे गेला तर काय, हे धरलेलंच नाही. म्हणून "इथून सगळं साफ करते" असं मनात आलं, की आधी बॉल मोज. आणि टक्केवारी आपली खरी धर, एखाद्या चांगल्या संध्याकाळी जमलं होतं तेवढी नको.

आता एट बॉलचं बोलू, कारण तू बहुतेक वेळा तेच खेळतेस. तुझे सात बॉल आहेत. पाच मोकळे, आणि दोन कुशनला समोरच्याच्या एका बॉलशी चिकटून बसलेले. तू काय करतेस? मोकळे पाच धडाधड घालतेस, बघणारे वा वा करतात, आणि मग त्या चिकटलेल्या दोघांपाशी येऊन अडतेस. तोवर झालेलं असं असतं, की त्याच्या वाटेत उभे असलेले तुझे पाच पहारेकरी तू स्वतःच उचलून दिलेले असतात. त्याचे सगळे बॉल अजून टेबलावर आहेत आणि टेबल मोकळं. पाच बॉल घालून हरण्याचा हा राजमार्ग आहे, बाई! टेबलाशी आलीस की सोप्या बॉलकडे बघूच नकोस. आधी सगळ्यात वाईट बॉल शोध. तो सोडवायचा कधी आणि कशाने, हे ठरव. सोडवताना एक खात्रीचा बॉल हाताशी राखून ठेव, म्हणजे जोडी कशीही फुटली तरी पुढचा शॉट तुझ्या हाताशी राहील. सोडवायचा मार्गच दिसत नसेल, तर पाच घातल्यावर नव्हे, एक-दोन घातल्यावरच सेफ्टी खेळ, म्हणजे समोरच्याला सोपा शॉट उरणार नाही असा शॉट. तुझे बॉल टेबलावर जितके जास्त, तितकी पांढऱ्याला लपायला जागा जास्त.

आणखी एक बारकावा आहे, तो फार कमी जण सांगतात. एट बॉलमध्ये तुझा बॉल चुकून पॉकेटच्या तोंडाशी अडकून राहिला, तर तो तोटा नसतो. ते पॉकेट त्याच्यासाठी बंद झालं, आणि तुझा बॉल तिथे तुझी वाट बघत बसला. म्हणून एट बॉलमध्ये थोडा अवघड कट हळू मारून बघायला हरकत नसते. हळू मारलेला बॉल पॉकेटच्या कडेला लागूनही आत जातो, आणि नाहीच गेला तरी तिथेच रेंगाळतो. नाइन बॉलमध्ये मात्र हेच उलटं होतं. तिथे दोघांनाही सगळ्यात लहान नंबरच्या बॉललाच आधी लावायचं असतं, त्यामुळे तोंडाशी ठेवलेला बॉल म्हणजे त्याला दिलेलं आयतं ताट. शॉट तोच, हात तोच, पण एका खेळात शहाणपणाचा आणि दुसऱ्यात आततायी. कुणी तुला "हा शॉट रिस्की आहे" म्हणालं, तर विचार, कोणत्या खेळात?

सेफ्टी म्हणजे बॉलला हळूच टेकवून बाजूला होणं, ही समजूत आधी डोक्यातून काढ. नियमाने पांढरा बॉल योग्य बॉलला लागल्यावर काही पॉट झालं नाही, तर कुठला तरी बॉल कुशनला लागावा लागतो, नाहीतर फाउल. घाबरत टेकवलेल्या सेफ्टीचे निम्मे फाउल असेच होतात, आणि मग समोरचा खेळाडू पांढरा हातात घेऊन हवा तिथे ठेवतो. सेफ्टीत दोन्ही बॉल सांभाळायला जाऊ नकोस. एकच नीट सांभाळ. समोरच्या बॉलच्या मधोमध पांढरा थांबवून मारलास, तर पांढरा जागीच राहतो आणि तो बॉल लांब जातो. शेजारी आडोसा असेल तर हे बेष्ट. किंवा अगदी पातळ लावलास, तर बॉल जेमतेम हलतो आणि पांढरा पलीकडच्या टोकाला जातो. अधलामधला, अर्ध्या बॉलवर लावलेला शॉट असेल, तर गडगडत जाणारा पांढरा आपल्या मूळ रेषेपासून साधारण ३० अंश वळतो, हे लक्षात ठेव. त्यावरून तो कुठे जाईल हे आधीच दिसायला लागतं. आडोसा मिळाला नाही तर अंतर दे. पांढरा कुशनला चिकटवून ठेवलास, की समोरच्याला क्यू उचलून वरूनच मारावं लागतं. लांबून असं मारताना भल्याभल्यांचा नेम हलतो.

स्पर्धेच्या नियमांनी एट बॉल खेळत असशील, तर "सेफ्टी" असं आधी सांगून स्वतःचा बॉल घालताही येतो. बॉल जातो, पाळी त्याच्याकडे, आणि पांढरा तू लपवलेला. क्लबमध्ये मात्र ब्रेकच्या आधीच विचारून घे. काही ठिकाणी फाउलनंतर पांढरा कुठेही ठेवता येतो, काही ठिकाणी फक्त ब्रेकच्या रेषेमागे. हा फरक छोटा नाही. रेषेमागूनच खेळायचं असेल, तर त्याच्याकडून फाउल करवून घेण्याची किंमत निम्म्यावर येते, आणि तुझ्या सेफ्टीचीही.

मग रिस्क कधी घ्यायची? सेफ्टी खेळूनही त्याला सोपाच शॉट मिळणार असेल, तेव्हा घे. त्याचा एकच बॉल आणि काळा, म्हणजे आठ नंबरचा, उरलेला असेल, तोही पॉकेटच्या तोंडाशी, तेव्हा तर घेच, कारण पाळी गेली की सामना गेलाच. आणि असा शॉट दिसला की जो गेला तर उत्तम, नाही गेला तरी त्याच्यासाठी काही उरत नाही, तर तो सोडूच नकोस. चांगले खेळाडू दिवसभर हेच शोधत असतात.

त्या हसणाऱ्या मुलांना एफ्रेन रेयेसचा झेड शॉट तोंडपाठ असेल. १९९५ साली अमेरिकेत रेनोला, अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध, निर्णायक रॅकमध्ये, म्हणजे शेवटच्या डावात, या फिलिपिनो जादूगाराने दोन कुशन घेऊन पांढरा फिरवला आणि बॉल पॉट केला. सगळ्यांना तो शॉट आठवतो. त्याच्याआधी काय झालं होतं, ते कुणी सांगत नाही. स्ट्रिकलंडने झकास सेफ्टी खेळून पांढरा लपवला होता. रेयेसपुढे सरळ वाट नव्हतीच. तो शॉट त्याने हौसेने मारलेला नाही, गरजेने मारला. सरळ बॉल समोर असता, तर त्याने तो सरळच घातला असता. आणि निर्णायक रॅकमध्ये स्ट्रिकलंडसारखा आक्रमक खेळाडूही सेफ्टीच निवडतो, हेही त्या मुलांना सांग. शिवाय स्नूकर, ज्यात बॉल लपवणं हा निम्मा खेळ आहे, तो १८७५ च्या सुमारास आपल्याच जबलपूरला, लष्करी छावणीत सुरू झाला. सेफ्टीला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी थोडं स्नूकर बघावं.

भित्रेपणा असतो, पण वेगळ्या ठिकाणी. समोर सरळ, जवळचा, रोज जाणारा बॉल असताना केवळ हसतील म्हणून किंवा चुकेल म्हणून तू मागे सरतेस ना, तो भित्रेपणा. असा सेफ्टी शॉट हातून अर्धवटच निघतो. काय खेळायचं ते उभं असताना ठरव. वाकल्यावर मन बदललं, तर मारू नकोस, पुन्हा उभी राहा, क्यूला चॉक लाव, आणि नव्याने ठरव. वाकल्या वाकल्या बदललेला शॉट सेफही होत नाही आणि पॉटही होत नाही.

नाइन बॉल खेळायला लाग, हा माझा आग्रह समज. त्यात ब्रेकनंतर लगेच पुश आउट घेता येतो. पांढरा हवा तिथे ढकलायचा, कुठल्या बॉलला लागला नाही तरी चालतो, आणि तिथून कोण खेळणार हे समोरच्याने ठरवायचं. अशी जागा शोधायची, की तिथून त्याला खेळावंसं वाटणार नाही आणि तुला मात्र चालेल. तुला बँक, म्हणजे बॉल कुशनला आपटवून घालणं, जमतो आणि त्याला नाही, तर पांढरा बँकच्या रेषेत ठेव. आपल्याला खरंच काय जमतं आणि समोरच्याला काय जमत नाही, हे या एका शॉटमध्ये जितकं लख्ख दिसतं तितकं दुसऱ्या कशात नाही. शिवाय स्पर्धेत सलग तीन फाउल झाले की रॅक जातो, त्यामुळे तिथे सेफ्टी खेळून सरळ जिंकताही येतं.

टेबल तासावर घेतेस ना? मग त्यातला अर्धा वेळ पॉटला आणि अर्धा सेफ्टीला दे. टेबलावर चार-पाच बॉल कसेही टाक, मैत्रिणीला घे, आणि पॉट करायचाच नाही असं ठरवून खेळा. जिच्याकडून आधी फाउल होईल ती हरली. हसणारे हसू देत. महिनाभर हे कर, आणि मग मला फोन कर.