यादीत आपले नाव कुठे आहे?



आपल्या घरात याद्या कमी नसतात. किराणाची यादी असते, लग्नातल्या अहेराची यादी असते, १४ एप्रिलच्या वर्गणीची यादी असते, बचत गटाच्या हप्त्यांची यादी असते. पण ‘मला आयुष्यात काय काय करायचे आहे’ अशी यादी लिहिलेली घरे फार थोडी. ती यादी असते, पण मनात. पोरीला नर्सिंगला घालायचे, पत्रे काढून स्लॅब टाकायचा, देणे मिटवायचे, एकदा दीक्षाभूमीला आणि जमले तर बुद्धगयेला जाऊन यायचे.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी विचारील. कारण सरळ आहे. वस्तीत घरोघर फिरताना आम्हाला अशा अर्धवट राहिलेल्या याद्या नेहमी भेटतात. अर्धवट राहण्याचे एक कारण पैसा असतो, आणि दुसरे तितकेच मोठे कारण शरीर असते. ‘आता बरे वाटते’ म्हणून बीपीची गोळी बंद केली, आणि स्लॅब पडला त्याच वर्षी घरधनी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला. पोरगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली, पण आईच्या पायाची जखम शुगरमुळे चिघळली आणि कॉलेजची फी दवाखान्यात गेली. स्वप्न चुकीचे नव्हते. कष्टही कमी नव्हते. यादीत फक्त एक ओळ लिहायची राहून गेली होती.

बाबासाहेबांची यादी

आपल्यापुढे यादी पूर्ण करण्याचे सगळ्यात मोठे उदाहरण घरातच, भिंतीवरच्या फोटोत आहे.

१९१६ साली बाबासाहेब लंडनला शिकायला गेले. अर्थशास्त्राची पदवी आणि बॅरिस्टरी ही त्यांची उद्दिष्टे होती. पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. त्यांनी ती ओळ खोडली नाही. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि मुदतीच्या आत, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. झाले, १९२२ साली बॅरिस्टर झाले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी सुधारून मागितला. तो पुन्हा लिहून दिला आणि १९२३ साली ती पदवीही मिळवली.

यात आपल्याला शिकण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. काम थांबले तरी परत येण्याचा रस्ता उघडा ठेवायचा. मधल्या काळात त्याच कामासाठी कमवायचे आणि साठवायचे. आणि पहिल्या खेपेला नापसंत झाले तर सुधारून पुन्हा द्यायचे.

दुसरी गोष्ट तर प्रत्येक लेकराला पाठ आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. मध्ये २१ वर्षे गेली. पण या २१ वर्षांत बाबासाहेबांच्या शरीराने काय सोसले, याची चर्चा आपल्याकडे कमी होते. त्यांना मधुमेह होता, रक्तदाबाचा त्रास होता, नसांच्या दुखण्याने पाय साथ देत नव्हते. संविधानाचा मसुदा तयार होत होता त्या काळातही ते आजारी होते आणि मुंबईच्या डॉ. मालवणकरांचे उपचार घेत होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा डॉ. शारदा कबीर, म्हणजे माईसाहेबांशी विवाह झाला. त्यानंतर पथ्य, इंजेक्शन, औषधाच्या वेळा हे घरातच सांभाळले जाऊ लागले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी माईसाहेब आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्याचे ऋण मानले आहे. एवढा मोठा माणूस, पण ‘माझे काम माझ्या एकट्याच्या जिद्दीने झाले’ असे म्हणाला नाही. औषधपाण्याचे श्रेय त्याने लिहून ठेवले.

५ डिसेंबरच्या रात्रीही त्याच ग्रंथाची प्रस्तावना त्यांच्या हाताशी होती. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले तेव्हा वय ६५ होते. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. कितीतरी हस्तलिखिते अपुरी राहिली. यादी त्यांचीही पूर्ण झाली नाही. पण शरीराची काळजी घेतली गेली म्हणून धम्मदीक्षेची ओळ पूर्ण झाली आणि आपण आज आहोत ते आहोत.

रमाईची यादी

आपल्या सोलापूर जिल्ह्यातले पंढरपूर रमाईच्या मनात होते. एकदा पंढरीला जायचे, अशी त्यांची इच्छा होती. जिथे आपल्याला देवळाबाहेर उभे राहावे लागते तिथे कशाला जायचे, आपण वेगळी पंढरी उभी करू, असे बाबासाहेबांनी त्यांना समजावल्याचे चरित्रात नोंदले आहे. पंढरपूरचे मंदिर आपल्या लोकांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. रमाई २७ मे १९३५ रोजीच गेल्या होत्या. वय अवघे ३७. पाच लेकरांपैकी चार त्यांनी डोळ्यांदेखत गमावली होती आणि स्वतः बरीच वर्षे आजारी होत्या.

रमाईच्या त्यागाची गाणी आपण गातो, गावीतच. पण त्यागाचा अर्थ ‘बाईने आपले दुखणे सांगू नये’ असा लावू नका. ते दिवस गरिबीचे होते आणि क्षयासारख्या रोगावर तेव्हा औषधही नव्हते. आज औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट आहे. आजची रमाई ३७ व्या वर्षी जाता कामा नये.

महिला मंडळात आम्ही बायकांना यादी लिहायला सांगतो तेव्हा हमखास एक गोष्ट दिसते. पोराची नोकरी, पोरीचे लग्न, नवऱ्याची दारू सुटणे, सासूचे मोतीबिंदू. कागद भरतो, पण तिचे स्वतःचे नाव त्यात येत नाही. ‘ताई, तुमचे काय?’ असे विचारले की हसतात. विडी वळून वळून मान आणि कंबर धरलेली असते, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या पडलेल्या असतात, तरी म्हणतात, ‘आमचे काय, चाललंय.’ ज्या माणसाच्या खांद्यावर घराची सगळी यादी उभी आहे, ते माणूसच यादीत नाही!

चार ओळींची यादी

मग यादी करायची कशी? तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम सांगितला आहे. व्यायाम म्हणजे इथे प्रयत्न. हा प्रयत्न चार प्रकारचा आहे. जे वाईट अजून आले नाही ते येऊ न देणे, आलेले घालवणे, जे चांगले अजून नाही ते सुरू करणे आणि असलेले चांगले टिकवणे. परिचारिका म्हणून आम्ही आरोग्याचे जे शिक्षण घेतले त्याचाही सांगाडा हाच आहे. म्हणून घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाखाली या चार ओळी लिहा.

पहिली ओळ, येऊ न देणे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाणी साठवावे लागते. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी आणि बॅरल रिकामे करून घासून कोरडे करा, म्हणजे डेंग्यूचा डास होणार नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी करून घ्यावी. बायकांनी स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाचीही करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात याला पैसे लागत नाहीत.

दुसरी ओळ, आलेले घालवणे किंवा ताब्यात ठेवणे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. विडीच्या तंबाखूच्या धुळीत आणि यंत्रमागाच्या कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांनी ‘धुळीचाच खोकला आहे’ असे म्हणून टाळू नये. क्षयाचे औषध साधारण सहा महिने, एकही दिवस न चुकवता घ्यायचे. पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात दरमहा १००० रुपये येतात, त्यासाठी नोंद करून घ्या. पुन्हा पुन्हा तपासून बीपी १४०/९० किंवा जास्त, उपाशीपोटी शुगर १२६ किंवा जास्त आली तर तो आजार आहे, हे मान्य करा. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. बरे वाटते ते गोळीमुळेच वाटते. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली, म्हणजे रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या घ्या आणि गोळीबरोबर चहा पिऊ नका.

तिसरी ओळ, नवे चांगले सुरू करणे. एका वेळी एकच गोष्ट घ्या. दिवसभर एका जागी बसून विडी वळणारीने दर तासाला उठून दहा-पंधरा पावले चालावे. मिश्री लावणारीने आधी रात्रीची बंद करावी, मग दुपारची, मग सकाळची. शुगर असलेल्याने ज्वारीची भाकरी जरूर खावी, पण भाकरीचीही शरीरात साखरच होते. म्हणून भाकरी एक कमी आणि पालेभाजी, डाळ एक वाटी जास्त.

चौथी ओळ, चांगले टिकवणे. दारू न पिण्याचे शील पाळत असाल तर तेही यादीत लिहा. जे आपण आधीच करतो ते लिहिले की माणसाला बळ येते.

पौर्णिमेला तपासणी

यादी लिहून कपाटात ठेवली तर ती वाया गेली. आपल्याकडे पौर्णिमेला विहारात वंदना असते. त्या संध्याकाळी घरी आल्यावर यादी काढा आणि सगळ्यांनी मिळून वाचा. सुरुवात करायला आषाढ पौर्णिमा उत्तम. तेव्हापासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने वर्षावास असतो, विहारात ग्रंथवाचन चालते. योगायोग असा की शुगरची एक तपासणी आहे, ती मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. वर्षावासाच्या सुरुवातीला ती करा आणि शेवटी पुन्हा करा. तीन महिन्यांत केलेल्या प्रयत्नाचा हिशोब कागदावर दिसेल.

ओळ लिहिताना ‘तब्येत सुधारणे’ असे लिहू नका. ‘बुधवारी पाणी भरून झाल्यावर दवाखान्यात जाऊन बीपी मोजणे’ असे लिहा. कोण, कधी, कुठे हे त्यात असले पाहिजे.

पैशाचीही ओळ हवी. बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला मिळकतीचे चार वाटे सांगितले. एक खर्चाला, दोन कामधंद्यात आणि एक संकटासाठी बाजूला. हातावर पोट असलेल्याला चौथा वाटा जमणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण दहा रुपये असोत की वीस, संकटाचा डबा वेगळा असला पाहिजे. रेशनकार्ड, आधार, विडी कामगाराचे ओळखपत्र, जुने केसपेपर हे सगळे एका पिशवीत ठेवा. रात्री दोन वाजता सिव्हिलला धावायची वेळ आली तर ही पिशवी पैशाइतकीच उपयोगी पडते.

आणि मोठे स्वप्न एकट्याने पेलत नसेल तर मिळून पेला. सोलापुरातल्याच कष्टकरी बायकांनी संघटना करून घराची मागणी लावून धरली. कुंभारीला आधी गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरे झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या १५,००० घरांच्या चाव्या मिळाल्या. एकेकटीच्या यादीत ती ओळ जन्मभर तशीच राहिली असती.

ओळ राहून गेली तर

काही ओळी राहतील. तेव्हा तृष्णा आणि सदिच्छा यांतला फरक विचारावा. शेजारच्याने डीजे लावला म्हणून आपल्या लग्नातही लावायचा आणि त्यासाठी कर्ज काढायचे, ही तृष्णा. ती ओळ खोडली तर घर हलके होते. पोरीचे शिक्षण ही सदिच्छा. ती खोडायची नाही, पुढच्या पौर्णिमेवर न्यायची.

आपली राहिलेली ओळ लेकराच्या डोक्यावर ठेवू नका. ‘मला डॉक्टर होता आले नाही, तू हो’ हे ओझे घेऊन पोरे आतल्या आत घुसमटतात. झोप उडाली, जेवण तुटले, ‘जगून काय उपयोग’ अशी भाषा आली, तर हा स्वभाव नाही, आजार आहे, आणि त्यावर उपचार आहे. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते.

येत्या पौर्णिमेला वहीचा एक कागद फाडा. घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा, प्रत्येक नावाखाली चार ओळी लिहा. आणि घर चालवणाऱ्या ताईंनो, सगळ्यात वर आधी आपले नाव लिहा.