पत, सिबिल आणि मोटारीच्या विम्याचा हप्ता

सुरतेच्या पूर्वेकडील पर्वत पाटिया भागात माझे घर आहे. घरात मराठी आणि बाजारात गुजराती, असा आमचा रोजचा व्यवहार. कापडाच्या या शहरात पुष्कळसा माल उधारीवर जातो, त्यामुळे माणसाची पत म्हणजे काय हे मुलांनाही लवकर कळते. आमच्या शेजारी साड्यांना लेस लावून देण्याचे काम करणारे एक काका राहतात. जुनी मोटार घेतल्यावर त्यांनी मला विचारले, "तू कॉमर्सला आहेस ना रे? माझा सिबिल बिघडलाय. आता विम्याचा हप्ताही वाढणार का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत त्याचे उत्तर 'होय' असे येते. तेथे कर्जफेडीच्या नोंदींवरून विम्यासाठी वेगळा गुणांक काढतात आणि तो कमी असला की मोटारीचा हप्ता चढतो. फेडरल ट्रेड कमिशनने २००७ साली या पद्धतीची तपासणी केली. गुणांक आणि दाव्यांची शक्यता यांचा संबंध आहे, असे तीत आढळले. पण कमी गुणांकाच्या गटात कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक लोकांचे प्रमाण अधिक आहे, हेही त्याच अहवालात नमूद आहे. कॅलिफोर्नियात मात्र मतदारांनी १९८८ मध्येच कौल दिला की, हप्ता ठरवताना आधी चालकाची नोंद, मग वर्षाचे अंतर आणि मग अनुभवाची वर्षे पाहावीत. तेथे कर्जाच्या नोंदींना या हिशेबात जागा नाही.

आपल्याकडे काय? मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे व त्याचा दर सरकार ठरवते. २०२२ च्या अधिसूचनेत १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीसाठी ३,४१६ रुपये हा दर होता. मालक लखपती असो की कर्जात बुडालेला, आकडा एकच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले. तेथे गाडीची किंमत, वय, इंजिन आणि गाव पाहण्याचा प्रघात आहे. २००२ च्या दरपत्रकात पुणे व बंगळूर 'अ' विभागात होती, सुरत आणि बेळगाव 'ब' मध्ये. सिबिलचा रकाना त्या दरपत्रकात नव्हता.

याचे एक कारण मला वाणिज्यशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. सिबिलचा ३०० ते ९०० हा आकडा माणूस घेतलेले पैसे परत करील की नाही, एवढेच सांगतो. विमा कंपनी उधार देतच नाही. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता हाती आल्याखेरीज तिने जोखीम घ्यावयाची नाही. मग उधारीची पत तिने कशाला तपासावी? शिवाय ज्याने कधी बँकेचे कर्ज घेतलेच नाही, त्याच्या नावापुढे सिबिल उणे १ दाखवते. आमच्या भागात रोखीने जगणारी माणसे पुष्कळ. गाडी जपून चालवूनही अशांनी जास्त पैसे मोजावेत, हे मला तरी पटत नाही.

विम्याची आपली स्वतंत्र पत आहे. तिचे नाव नो क्लेम बोनस. दावा न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के सूट. समजा, हा हप्ता ८,००० रुपये आहे आणि सूट ५० टक्के. म्हणजे भरावयाचे ४,०००. अशा वेळी ३,००० रुपयांच्या खरचटीसाठी दावा केला, तर सूट शून्यावर येऊन पुढच्या वर्षी पुरे ८,००० भरावे लागतात, आणि वरच्या पायरीवर पोहोचायला पुन्हा पाच वर्षे. काकांना मी हा हिशेब वहीवर करून दाखवला.

सिबिलचा धक्का त्यांना बसेल तो गाडीच्या कर्जात, व्याजाच्या दरात. विम्यात सांभाळायची ती तारीख. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास जमलेला बोनस जातो. गाडी विकली तर मात्र तो जात नाही, कारण बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. कंपनीकडून तसे पत्र घेऊन ठेवले की तो नव्या गाडीला लावता येतो.