मुलांचे फेफरे : तीव्रता कशी ओळखावी?

फेफरे म्हणजे अपस्मार. हा मेंदूचा विकार आहे, बाहेरची बाधा नव्हे. धम्म स्वीकारलेल्या घरात तरी भगताला थारा नसावा. परंतु आजार किती तीव्र, हे केवळ झटके मोजून कळत नाही. दिवसातून अनेकदा क्षणभर शून्यात पाहणारे मूल आणि वर्षात दोनदाच, पण कोसळून डोके फोडून घेणारे मूल, यांची तुलना आकड्याने कशी करणार?

म्हणून नेदरलँड्समधील डॉक्टरांची 'हेग' मोजपट्टी पालकांनाच विचारते : शुद्ध हरपते का, जीभ चावली जाते का, लघवी होते का, इजा होते का? कॅनडातील पद्धतीत डॉक्टर झटक्यांबरोबर औषधांचा त्रास व रोजच्या व्यवहारातील अडथळाही पाहून 7 पायऱ्यांपैकी एक ठरवतात.

दवाखान्यात झटका क्वचितच दिसतो. तेव्हा आईची वही हाच मोठा पुरावा. तारीख, वेळ, जागेपणी की झोपेत, नंतरची गुंगी, सारे लिहावे. मिनिटे घड्याळ पाहूनच (घाबरलेल्याला अर्धे मिनिटही फार वाटते). मुलाला कुशीवर वळवावे. कांदा-चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. झटका 5 मिनिटांत थांबला नाही तर वही ठेवून तडक रुग्णालय गाठावे.