मेंदूचा आघात आणि रक्तातील सूक्ष्म खनिजे

अपघातात डोक्याला जबर मार बसला, की नातेवाइकांचे सारे लक्ष जखमेकडे आणि रुग्णाच्या शुद्धीकडे लागते. ते स्वाभाविकच आहे. परंतु या आघाताचे परिणाम मेंदूपुरते मर्यादित राहत नाहीत. संपूर्ण शरीराचा रासायनिक व्यवहार त्यामुळे बदलतो. रक्तातील सूक्ष्म खनिजांचे प्रमाण हा या बदलाचा एक बोलका निदर्शक होय.

सूक्ष्म खनिजे म्हणजे काय?

लोह, जस्त, तांबे, सेलेनियम ही द्रव्ये शरीराला अत्यल्प प्रमाणात लागतात. परंतु त्यांच्यावाचून चालत नाही. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात जस्त अवघे २ ते ३ ग्रॅम असते आणि त्याचा फारच थोडा अंश रक्तद्रवात असतो. तरीही जखम भरून येणे, रोगप्रतिकार व नव्या पेशींची घडण ही कार्ये जस्तावर अवलंबून आहेत. माणसाला जस्ताची उणीव भासू शकते, हे १९६० नंतर इराण व इजिप्तमधील वाढ खुंटलेल्या तरुणांच्या अभ्यासातून पुढे आले. या अभ्यासाचे एक प्रणेते डॉ. आनंद प्रसाद हे मूळचे बिहारमधील बक्सरचे.

आघातानंतर काय घडते?

मेंदूला गंभीर इजा झालेल्या रुग्णाच्या रक्तातील जस्त लवकरच घटते. दाह सुरू होताच यकृत एक विशिष्ट प्रथिन तयार करते आणि ते जस्ताला यकृतात धरून ठेवते. त्याच वेळी मूत्रावाटेही जस्त नेहमीपेक्षा अधिक बाहेर पडते. रक्तातील लोहही कमी होते. तांब्याचे मात्र उलट असते. तांबे वाहून नेणारे प्रथिन दाहाच्या काळात यकृत अधिक निर्माण करते. त्यामुळे रक्तातील तांबे वाढू शकते.

म्हणून अहवालातील आकडा विचारपूर्वक वाचावा लागतो. धान्य बाजारात दिसत नाही, याचा अर्थ ते गावात नाही असा होत नाही. ते गोदामात गेलेले असू शकते. रक्तातील घटलेले जस्त काही अंशी असेच स्थलांतरित असते. मूत्रावाटे गेलेले जस्त मात्र खरोखरच खर्ची पडते. शिवाय नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातील जस्त मिसळून आकडा खोटा वाढतो.

पूरक जस्ताचा उपयोग

अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ मध्ये गंभीर इजा झालेल्या ६८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अधिक जस्त मिळालेल्या गटात चौथ्या आठवड्यापर्यंत मेंदूच्या कार्यातील सुधारणा अधिक दिसली. निष्कर्ष आशादायक असले, तरी एका लहान चाचणीवरून सर्वांसाठी नियम ठरत नाही. दुसरी बाजूही आहे. मेंदूतील काही चेतापेशी जस्त साठवून ठेवतात. आघाताच्या वेळी ते एकाएकी बाहेर सांडून शेजारच्या पेशींना घातक ठरू शकते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. यास्तव बेशुद्ध किंवा नुकत्याच घरी आलेल्या रुग्णाला कुणाच्या सांगण्यावरून जस्ताच्या गोळ्या देणे योग्य नव्हे. अतिरिक्त जस्त दीर्घकाळ घेतल्यास तांब्याची उणीव निर्माण होते. हा निर्णय डॉक्टरांचाच असावा.

आपले कर्तव्य

रुग्ण घरी परतल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने सकस आहार देणे हे कुटुंबाचे काम आहे. शेंगदाणे, तीळ, कडधान्ये, अंडी व मांस यांतून जस्त मिळते. कडधान्यांना मोड आणल्याने आणि पीठ आंबवल्याने त्यातील जस्त शरीरात अधिक शोषले जाते. आपल्या स्वयंपाकघरातील ही जुनी रीत शास्त्रालाही मान्य आहे.

तथापि, खरा उपाय आघात टाळण्यातच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीवर शिरस्त्राण आवश्यक आहे. अपघात झाल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवावी. जखमीला मदत करणाऱ्या नागरिकास २०१९ च्या सुधारणेने याच अधिनियमात संरक्षण दिले आहे. त्यामुळे चौकशीच्या भीतीने मागे राहण्याचे कारण नाही. शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढी माहिती पोहोचविली, तरी रक्ताचा अहवाल वाचण्याची वेळ अनेक कुटुंबांवर येणारच नाही.