गॅरेजच्या दाराची निवड

दुकानाचे शटर रोज उघडणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांस घरच्या गॅरेजचे दार किरकोळ वाटते. परंतु त्याखालून आपली मुले ये-जा करतात. शटरचा भार वरच्या स्प्रिंगा तोलतात. शटर अर्ध्यावर उचलून हात किंचित सैल करावा. ते खाली ओढू लागले, तर स्प्रिंग थकली असे समजावे. ताणलेली स्प्रिंग घरी खोलू नये. जाणता कारागीरच बोलवावा. गोव्याच्या खाऱ्या हवेत जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घ्यावा. विजेचे दार घेतल्यास, वाटेत कोणी आले तर ते आपोआप परत फिरते ना, हे पाहावे; अमेरिकेत १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांस ही योजना सक्तीची आहे. मोटारीइतकीच मुलांचीही राखण करील, तेच दार आम्ही खरे किफायतशीर मानतो.